बीजिंगची जुनी वेधशाळा बघावी का? आणि तिथे दुर्बीण का नाही?

मृगशीर्ष_पुणे

मंडळी, पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी बीजिंगला जायचं आहे. काम भरगच्च आहे, पण एक दुपार मोकळी काढता येईल. राजवाडा आणि चीनची भिंत सहकाऱ्यांबरोबर होणारच आहे. ही दुपार मात्र फक्त माझी, आणि माझ्या डोक्यात जिएनगुओमेनची जुनी वेधशाळा आहे. मिंग राजवटीत १४४२ साली बांधलेला विटांचा चौथरा आणि त्यावर ब्राँझची आठ यंत्रं, एवढं वाचलं आहे. आकाशदर्शनाचा नाद कॉलेजपासूनचा, त्यामुळे फोटो बघूनच जीव खालीवर होतोय.

विचारायच्या गोष्टी दोन. एक, तिथे दुपार घालवण्याइतकं काही आहे का, की पंधरा मिनिटांत खाली उतरून बसस्टॉपवर उभी राहीन? दुसरी जास्त छळतेय. गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली १६०९ मध्ये. या चौथऱ्यावरची सहा यंत्रं १६७३ ची, आणि ती करवून घेणारा पाद्री युरोपातून आलेला. तरी एकाही यंत्राला भिंग नाही! असं का? चीनच्या दरबाराला नको होतं की पाद्रीबुवांनी दिलं नाही?

जाऊन आलेल्यांनी आणि न जाता अभ्यास केलेल्यांनी, दोघांनीही लिहा.

रिकामटेकडा

दुपार मोकळी आहे तर बदक खा. आकाश काय, पुण्यातही आहे.

मृगशीर्ष_पुणे

पुण्यात आकाश होतं म्हणा. आता रात्री मोजून दहा तारे दिसतात आमच्या गच्चीवरून.

शांघायकर

जाच. मी बीजिंगला गेलो की पाहुण्यांना तिथे नेतो, आणि आतापर्यंत कुणी शिव्या घातलेल्या नाहीत.

आधी व्यवहाराचं. भुयारी रेल्वेच्या १ आणि २ नंबरच्या मार्गांचं जिएनगुओमेन स्टेशन, तिथून बाहेर आलं की चौथरा समोर दिसतो. सोमवारी बंद असते, तेवढं सांभाळा. तिकीट २० युआन होतं, निघण्यापूर्वी एकदा बघून घ्या. पासपोर्ट जवळ असू द्या आणि पैसे भरायचं ॲप भारतातूनच चालू करून न्या. रोख नोटा बघून दुकानदार इथे हल्ली गोंधळतात.

आता बघण्याचं. सगळे धावत वर जातात, ते करू नका. खाली अंगण आहे, झाडं आहेत, जुन्या कचेरीच्या खोल्या आहेत. अंगणात मिंगकालीन यंत्रांच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. त्या आधी बघा, म्हणजे वर गेल्यावर फरक कळतो. खालची यंत्रं चिनी पद्धतीची, वरची युरोपियन विद्येची पण चिनी अंगरख्यातली. वर्तुळं, अंश, मोजपट्ट्या सगळं डेन्मार्कच्या टायको ब्राहे या दुर्बिणीआधीच्या खगोलज्ञाच्या यंत्रांच्या घडणीचं आणि त्यांना पेलून धरलेत ड्रॅगन. चौथरा सुमारे १४ मीटर उंच आहे, पायऱ्या खड्या आहेत, चप्पल घालून जाऊ नका.

वर पोचल्यावर एका बाजूला ही यंत्रं आणि दुसऱ्या बाजूला दुसरा रिंग रोड, उड्डाणपूल, काचेच्या इमारती. हा रस्ता जुन्या तटबंदीच्या जागेवर आहे. तट पाडला, हा बुरुज तेवढा राहिला. मला स्वतःला हे दृश्य आवडतं. माझ्या बायकोला अजिबात नाही, ती म्हणते गाड्यांच्या आवाजात ताऱ्यांचा विचार सुचत नाही.

टवाळ_बाळू

म्हणजे दिवसा उघडणार, दिवसा बंद होणार, आणि नाव वेधशाळा. दिवसाढवळ्या तारे दाखवतात का?

शांघायकर

@टवाळ_बाळू, ते तिकीट घेऊन चौथा जिना चढलात की आपोआप दिसतात.

सासवडचे_नाना

छान धागा. पाद्रीबुवांबद्दल विचारलंस म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळलात तर पुढे जा.

यंत्रं करवून घेणारा तो फर्डिनांड फर्बीस्ट, फ्लँडर्सचा जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचा पाद्री. त्याची कथा यंत्रांपासून नाही, पंचांगापासून सुरू होते. चीनमध्ये पंचांग काढणं हा सम्राटाचा हक्क. ग्रहण चुकलं, अधिकमास चुकला, की सम्राटाचं आणि स्वर्गाचं जमत नाही असा अर्थ निघणार. त्यामुळे ज्योतिष खातं हे थेट सत्तेचं खातं होतं. मिंग बुडाल्यावर चिंग राजवटीने ॲडम शाल नावाच्या जर्मन जेझुइटाला तिथे बसवलं. १६६४ मध्ये यांग क्वांगशिएन नावाच्या विद्वानाने त्याच्यावर फिर्याद केली. परकीय पंचांग, चुकीचे मुहूर्त, राजद्रोह, सगळं एकत्र. शालला देहान्ताची शिक्षा झाली. १६६५ मध्ये बीजिंगला भूकंप झाला, तो अपशकुन मानून म्हातारा सुटला. पण त्याच्या हाताखालच्या पाच चिनी ख्रिस्ती ज्योतिषांची डोकी उडालीच. हे पाच जण बहुतेक लेखांतून गळतात, पाद्र्यांची नावं मात्र राहतात.

मग यांगसाहेब स्वतः खातं चालवू लागले आणि पंचाईत झाली, कारण गणित येत नव्हतं. कांगशी सम्राट तेव्हा चौदा वर्षांचा. १६६८ च्या डिसेंबरात त्याने सरळ परीक्षा लावली. उभ्या काठीची दुपारी बाराची सावली किती पडेल ते दोन्ही पक्षांनी आधी सांगायचं, मग दरबाऱ्यांसमोर मोजायचं. फर्बीस्टचं उत्तर बरोबर आलं. एवढ्यावर न थांबता त्याने दाखवून दिलं की पुढच्या वर्षाच्या पंचांगात घातलेला अधिकमास चुकीचा आहे. जाहीर झालेल्या पंचांगातून आख्खा महिना काढून टाकायचा! दरबाराची केवढी नाचक्की. पण काढला.

त्यानंतर १६६९ ते १६७३ मध्ये सहा यंत्रं ओतली. तारागोल, विषुववृत्ताचं वलययंत्र, क्रांतिवृत्ताचं वलययंत्र, दिगंश (क्षितिजावरची दिशा) मोजायचं क्षितिजवर्तुळ, उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) मोजायचा चतुर्थांश, आणि दोन ताऱ्यांमधलं अंतर मोजायचा षष्ठांश. जुनी मिंग यंत्रं वरून खाली उतरवली. ती जागा त्याने एका सावलीच्या जोरावर मिळवली, हे वर उभं राहून आठवून बघ.

ठाणेकरीण

नाना, तुम्ही हे शाळेत शिकवलं असतं तर इतिहासात पास झाले असते.

अधिकमास चुकला म्हणून सरकार हललं, हे वाचून आमच्या आजी-आजोबांची आठवण झाली. घरात दोन पंचांगं यायची, एकादशी वेगळी निघाली की आठवडाभर अबोला.

पंचांगवाला

चिनी लोकांचं आणि आपलं एका बाबतीत जवळचं नातं आहे. चंद्राच्या वाटेवर ते २८ ठिकाणं मानतात, आपली नक्षत्रं २७ आणि अभिजित धरलं तर २८. कृत्तिका त्यांच्याकडेही आहे, रोहिणीचा तारा त्यांच्याही एका मुक्कामात आहे. आपण अश्विनीपासून मोजतो, त्यांची सुरुवात चित्रेपासून. अंगणातल्या प्रतिकृतींवरची वलयं बघताना हे लक्षात ठेवा. आणि जुन्या चिनी यंत्रांवर वर्तुळाचे अंश ३६० नसतात, ३६५ आणि पाव असतात. सूर्य रोज एक अंश सरकतो, मग वर्षाचे जितके दिवस तितके अंश, साधा हिशोब. ३६० अंश आणले जेझुइटांनी.

आता नक्षत्रं आपल्याकडून तिकडे गेली हे तर उघडच आहे...

वेधक

उघड वगैरे काही नाही. त्यांच्या अठ्ठावीसही ठिकाणांची नावं असलेली पेटी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या थडग्यात सापडली आहे. आपली कृत्तिकादी यादी वैदिक वाङ्मयात आहे. कोण कुणाकडून, की दोघांनी आपापलं, यावर शंभराहून जास्त वर्षं विद्वान भांडताहेत. शं. बा. दीक्षितांनी मराठीत यावर किती काळजीपूर्वक लिहिलं आहे ते वाचा आणि मग "उघडच" म्हणा.

देवाणघेवाण दाखवायचीच असेल तर पक्का पुरावा दुसरीकडे आहे. तांग दरबारात गौतम सिद्ध नावाचा भारतीय वंशाचा ज्योतिषी होता, चिनी उच्चार छूथान शीदा. त्याने ७१८ मध्ये नवग्रहांवरचा आपला ग्रंथ चिनीत उतरवला. त्यात ज्या-सारणी (त्रिकोणमितीतल्या "साइन"चं कोष्टक) आहे आणि शून्यासाठी टिंब आहे. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या त्या खात्यात होतं. पण गंमत अशी की चिनी गणितज्ञांनी ना ज्या उचलली ना ते टिंब. विद्या दारात आली म्हणून घरात घेतलीच जाते असं नाही.

पंचांगवाला

भांडायला मी तयार आहे, पण धागा ताईंचा आहे. वेगळ्या ठिकाणी भेटू.

वेधक

मूळ प्रश्नावर माझं मत वेगळं आहे, रागावू नका. खगोलाची खरी आवड असेल तर बीजिंगची वेधशाळा दुय्यम. हनान प्रांतात तंगफंगजवळ काओछंग गावात क्वो शौचिंगने १२७६ च्या सुमारास उभारलेली वेधशाळा आहे, ती बघा. बीजिंगला सुबक वस्तू दिसतात. तिथे विचार दिसतो.

कुब्लाई खानाला नवं पंचांग हवं होतं. त्यासाठी वर्षाची लांबी अचूक पाहिजे, म्हणजे अयनदिनाचा (सर्वात मोठ्या किंवा सर्वात लहान दिवसाचा) नेमका क्षण पाहिजे. तो कळतो दुपारच्या सावलीवरून. आत्तापर्यंतचा शंकू (सावली मोजायचा उभा खांब) आठ छ्र, म्हणजे चिनी फूट, उंच, म्हणजे माणसापेक्षा थोडा जास्त. क्वोने तो पाचपट केला, चाळीस छ्र. सावली पाचपट लांब, म्हणून मोजण्यातली चूक पाचव्या हिश्शावर. पण उंच शंकूची सावली टोकाशी विरघळते, कडच सापडत नाही, कारण सूर्य बिंदू नाही, तबकडी आहे. त्यावर त्याने काढलेली तोड बघा. विटांच्या मनोऱ्याच्या वरच्या खिडकीत आडवा दांडा. खाली जमिनीवर उत्तरेकडे गेलेली ३१ मीटर लांबीची दगडी मोजपट्टी, ३६ दगडांची. त्या पट्टीवर सरकवायचं एक पातळ तांब्याचं पान, मधे बारीक भोक. भोकातून सूर्याची तांदळाएवढी प्रतिमा पडते आणि पान नीट धरलं की त्या प्रतिमेच्या बरोबर मधोमध दांड्याची रेघ उमटते. सावलीची कड शोधायची गरजच संपली.

यातून आणि देशभर २७ ठिकाणी घेतलेल्या वेधांतून १२८१ चं पंचांग निघालं. वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं. आपण भिंतीवर लावतो त्या ग्रेगरियन कॅलेंडरचं सरासरी वर्षही एवढंच, पण ते आलं १५८२ मध्ये, तीनशे वर्षांनी.

तो मनोरा आजही उभा आहे, पट्टीही आहे. २०१० मध्ये तंगफंगच्या इतर वास्तूंबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. मी भर दुपारी त्या पट्टीशेजारी उभा होतो, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

शांघायकर

@वेधक, सगळं मान्य, पण ताईंकडे एक दुपार आहे. बीजिंगहून हाय-स्पीडने झंगचौ, तिथून पुढे बसने तंगफंग, मग काओछंग. दोन दिवस तरी हवेत. शिवाय तंगफंगजवळच शाओलिन मठ आहे, तिथे अडकलात की संपलं.

रिकामटेकडा

शाओलिन तिथेच आहे? मग मी वेधकरावांच्या बाजूने.

वेधक

शाओलिनला लाखो जातात, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या या मनोऱ्याकडे कुणी वळत नाही. तिथेच अंगणात तांग काळातला, ७२३ चा एक दगडी शंकूही आहे. बेतशीर घडवलेला असा की उन्हाळी अयनदिनाच्या माध्यान्ही त्याची सावली बैठकीच्या बाहेर पडतच नाही.

अनुराधा_बर्लिन

मी जर्मनीतून. या यंत्रांची एक बाजू इकडची आहे, ती कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

१९०० च्या, परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडात आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या. लुटीत ही वेधशाळाही आली. फ्रेंच आणि जर्मन सैन्याने यंत्रं निम्मी निम्मी वाटून घेतली, प्रत्येकी पाच (चौथऱ्यावरची आठ आणि जुनी मिंगकालीन दोन). फ्रेंचांनी त्यांची पाच आपल्या वकिलातीच्या आवारात नेली आणि १९०२ मध्ये परत केली. जर्मनांनी मात्र थेट जहाजात चढवली. तारागोल, मिंगकालीन गोलयंत्र आणि इतर, सगळं पॉट्सडॅमला सांसुसी राजवाड्याच्या बागेत नेऊन मांडलं. कैसरच्या बागेची शोभा! चिनी ड्रॅगन वीसेक वर्षं पॉट्सडॅमच्या पावसात.

पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहात १३१ वं कलम आलं. १९००-०१ मध्ये उचलून नेलेली खगोलयंत्रं जर्मनीने स्वखर्चाने चीनला परत करावीत. त्याच तहाने जर्मनीकडचे शांतुंगमधले हक्क मात्र चीनला न देता जपानला दिले, आणि त्यावरून ४ मे १९१९ ला बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले. चीनने त्या तहावर सहीच केली नाही. तरी यंत्रं १९२१ मध्ये परत पोचली. प्रांत गेला, वेधयंत्रं मिळाली.

पाहुणे आले की मी सांसुसीला नेते. ऑरेंजरीच्या पुढच्या गच्चीवर उभं राहून हे सांगते. बहुतेकांना बागेतल्या कारंज्यातच जास्त रस असतो, हे वेगळं.

सासवडचे_नाना

उत्तम प्रतिसाद, अनुराधाताई. वरच्या आठात सहा फर्बीस्टची हे मी लिहिलं, राहिलेल्या दोहोंची गोष्टही सांगतो. एक १७१५ चं, दिगंश आणि उन्नतांश दोन्ही एकत्र देणारं, किलिआन श्टुम्फ नावाच्या जेझुइटाचं. त्याच्यावर ड्रॅगन नाहीत, नक्षी युरोपियन वळणाची. आणि ब्राँझ कुठून आणलं? जुनी यंत्रं वितळवून! क्वो शौचिंगच्या काळापासूनचा ऐवज त्या भट्टीत गेला असं मानतात. वेधकरावांनी एवढं कौतुक केलं त्या माणसाची मूळ ब्राँझ यंत्रं आज नाहीत, ती अशी.

आठवं छिएनलुंग सम्राटाच्या काळातलं, १७४४ ते १७५४ असं दहा वर्षं घडवलेलं. वजन पाच टनांच्या वर. सम्राटाला पुन्हा चिनी वळणाचं गोलयंत्र हवं होतं.

वेधक

आणि क्वोच्या यंत्रांच्या ज्या प्रती मिंग काळात, १४३७ नंतर ओतल्या, त्या नानकिंगला आहेत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी आक्रमणाच्या भीतीने बीजिंगहून हलवल्या. नानकिंगच्या जांभळ्या डोंगरावरच्या वेधशाळेच्या आवारात उघड्यावर आहेत. त्यातलं सुटसुटीत गोलयंत्र जरूर बघा कधी. एकात एक अडकवलेली वलयं क्वोने सोडवून वेगळी केली. एक जोडी विषुववृत्ताशी समांतर, एक क्षितिजाशी. आजच्या मोठ्या दुर्बिणी ज्या विषुववृत्तीय बैठकीवर फिरत आल्या ती रचना टायकोच्या तीनशे वर्षं आधीची.

कोल्हापुरी_पांढरा

१०५४ चा तो प्रसिद्ध अतिनवतारा (सुपरनोव्हा), खेकडा तेजोमेघाचा, तो याच चौथऱ्यावरून दिसला ना? तेवढ्यासाठी तरी जायला पाहिजे.

वेधक

नाही. तेव्हा राजधानी खायफंगला होती आणि हा चौथरा जवळजवळ चारशे वर्षांनी झाला. ४ जुलै १०५४ ला सोंग ज्योतिषांनी तो "पाहुणा तारा" नोंदवला, दिवसासुद्धा २३ दिवस दिसत होता. बीजिंगच्या चौथऱ्याचं वैशिष्ट्य वेगळं. १४४२ ते १९२९, एकाच जागेवरून जवळजवळ पाचशे वर्षं वेध. जगात असं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

सोलापूरचा_चाळीस

विषयाला सोडून आहे, पण ताई बीजिंगला जाताहेत म्हणून. सोलापूरच्या माणसाने चीनचं नाव ऐकलं की डॉ. कोटणीस आठवणारच. बीजिंगहून श-च्या-च्वांग हाय-स्पीड रेल्वेने सव्वा-दीड तासावर आहे, तिथल्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आणि पुतळा आहे. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय अवघं बत्तीस. अर्धा दिवस आणखी मिळाला तर.

शांघायकर

दुजोरा. तिथे फुलं ठेवलेली असतात. टॅक्सीवाल्याला "इंदू" म्हटलं की तो आपणहून कोटणीसांचं चिनी नाव घेतो, ख दिह्वा. माझ्या पिढीतल्या चालकांना तरी माहीत आहे, पोरासोरांचं सांगता येत नाही.

खादाड_मिरजकर

धागा इतका लांबला आणि शाकाहाऱ्यांनी काय खायचं ते कुणी सांगितलं नाही.

शांघायकर

"वो छ्र सू" एवढं पाठ करा, म्हणजे मी शाकाहारी खातो. तरी ताटात मांसाचे तुकडे येऊ शकतात, कारण काही ठिकाणी भाजीला चव आणायला घातलेलं मांस हे मांस धरत नाहीत. बौद्ध मठांजवळची हॉटेलं भरवशाची. वेधशाळेपासून भुयारी रेल्वेने लामा मंदिराकडे गेलात तर सोय होईल.

टवाळ_बाळू

रिंग रोड आला, भुयारी रेल्वे आली, मग तो बुरुज वाचला कसा? आमच्याकडे असता तर खाली पार्किंग आणि वर रूफटॉप कॅफे.

शांघायकर

वाचला तो थोडक्यात. साठच्या दशकात भुयारी रेल्वे खणताना चौथरा मार्गात येत होता, पाडायचं घाटत होतं. तो काळ जुनं ते पाडायचाच होता. १९६८ मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पाडू नका असं सांगितलं आणि मार्ग वळवायला पैसे मंजूर केले. त्यामुळे आज गाडी त्याला वळसा घालून जाते. तरी १९७९ च्या पावसाळ्यात चौथऱ्याचा काही भाग ढासळलाच. दुरुस्ती करून १९८३ मध्ये पुन्हा उघडला. म्हणजे विटा काही ठिकाणी तुमच्या-माझ्या वयाच्या आहेत, यंत्रं खरी.

मृगशीर्ष_पुणे

सगळ्यांचे खूप आभार. बदक, शाओलिन, कोटणीस, अधिकमास, सगळं मिळालं. माझा दुसरा प्रश्न तेवढा तसाच लटकतोय. भिंग का नाही?

मंदार_प

सोपं आहे. १६१६ मध्ये चर्चने कोपर्निकसचं मत, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे, निषिद्ध ठरवलं. जेझुइट चर्चचे. त्यांनी चीनपासून नवं विज्ञान लपवलं, जुनं टायकोचं खपवलं. दुर्बीण दिली असती तर शुक्राच्या कला, गुरूचे उपग्रह, सगळं बिंग फुटलं असतं.

वेधक

@मंदार_प, अर्धं बरोबर, अर्धं नाही.

कोपर्निकसबद्दल बरोबर. सूर्य मध्यभागी असलेली रचना जेझुइट बेन्वाने छिएनलुंगच्या दरबारात मांडली तेव्हा १७६० चं दशक उजाडलं होतं. दीडशे वर्षांचा उशीर आणि त्यात चर्चचा हात होता.

पण दुर्बीण लपवलेली नाही. १६१५ मध्येच जेझुइट दियाश याने चिनी पुस्तकात गुरूच्या चार चंद्रांची आणि शनीच्या विचित्र आकाराची बातमी दिली होती. त्याच ॲडम शालने १६२६ मध्ये दुर्बीण कशी करायची यावर चिनीत पुस्तिका लिहिली. शू क्वांगछी या मंत्र्याने १६३० च्या आसपास ग्रहणाचे वेध दुर्बिणीतून घेतले. दरबारात दुर्बिणी भेट म्हणून आल्या होत्या. त्या चौथऱ्यावर कायमच्या बसवल्या गेल्या नाहीत, एवढंच.

का? कारण दुर्बिणीने दिसतं जास्त, पण कोन मोजता येत नाही. तारा नेमका कुठे आहे हे सांगायला भिंगाच्या नाभीत बारीक तार लागते आणि ती नळी अंश कोरलेल्या वर्तुळावर पक्की बसवावी लागते. हे काम पॅरिसमध्ये पिकार आणि ओझू यांनी केलं १६६७ च्या सुमारास. फर्बीस्टने युरोप सोडला १६५७ मध्ये. त्याने शिकलेलं खगोलशास्त्र तारेच्या आधीचं. पंचांग खात्याला गुरूचे चंद्र नको होते, सूर्य-चंद्राची जागा हवी होती, आणि ती मोजायला त्याला माहीत असलेलं सर्वात चांगलं साधन टायकोचं.

सासवडचे_नाना

यात आणखी एक भर. फर्बीस्टने यंत्रं पुरी केली त्याच १६७३ मध्ये डान्झिगच्या हेवेलियसने आपल्या वेधयंत्रांचं जाडजूड पुस्तक छापलं. तो तर युरोपातला नामांकित माणूस, चंद्राचे नकाशे दुर्बिणीतून काढलेला. तरी ताऱ्यांच्या जागा मोजायला तो शेवटपर्यंत उघड्या डोळ्यांच्या पट्ट्याच वापरायचा. लंडनच्या हूकने त्याच्यावर टीकेची झोड उठवली. १६७९ मध्ये तरुण हॅली मुद्दाम डान्झिगला गेला, आपलं भिंगवालं यंत्र घेऊन, आणि दोघांनी शेजारी बसून वेध घेतले. म्हाताऱ्याचे आकडे हॅलीच्या तोडीचे निघाले! तेव्हा १६७३ मध्ये भिंग नसणं म्हणजे मागासपण, असं त्या काळच्या युरोपातही ठरलेलं नव्हतं.

मंदार_प

ठीक, फर्बीस्टला सोडला. पण १७१५ आणि १७५४ च्या यंत्रांचं काय? तोवर ग्रिनिचला आणि पॅरिसला तारेची दुर्बीण सर्रास होती. श्टुम्फ तर स्वतः काचेच्या कामातला, बादशहाचा काचकारखाना त्याने काढलेला. त्याला भिंग जमलं नसतं?

वेधक

तिथे तुमचा मुद्दा भारी आहे. १७५४ च्या यंत्राला सबब नाही. पाच टन ब्राँझ, दहा वर्षं, उत्कृष्ट ओतकाम, आणि वेध घ्यायला उघडी नळी. तोवर ते यंत्र वेधासाठी कमी आणि सम्राटाच्या मिरवणुकीसाठी जास्त झालं होतं, असं माझं मत. पण पाद्र्यांनी लपवलं म्हणून नाही. दरबाराने मागितलं नाही म्हणून. फर्बीस्टच्या वेळी अधिकमासावरून खातं हादरलं होतं, अचूकतेला किंमत होती. छिएनलुंगच्या वेळी पंचांग पुरेसं बरोबर येत होतं. गरज संपली की यंत्र शोभेचं होतं.

मंदार_प

आणि मी म्हणतो दरबाराला काय मागायचं हे कळायला आधी कुणी सांगावं लागतं. सांगणारे फक्त जेझुइट होते.

अनुराधा_बर्लिन

दोघंही आपापल्या जागी ठीक. चिनी इतिहासकारांतही हा वाद असाच चालू आहे.

कोल्हापुरी_पांढरा

मग आपल्या जयसिंगाचं काय? दिल्लीचा जंतरमंतर १७२४ चा. त्याच्याकडेही दुर्बिणी होत्या म्हणतात, तरी त्याने चुन्या-दगडाची यंत्रं बांधली.

पंचांगवाला

होत्या. त्याने पाद्र्यांबरोबर पोर्तुगालला माणसंही पाठवली होती, फ्रेंच ला हीरची ग्रहकोष्टकं मागवून पडताळली. उज्जैनचं जंतरमंतर तर पुढे शिंद्यांच्या मुलुखात. मोडकळीला आलं होतं ते माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करवलं आणि तिथे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिषाला नेमलं. ते आजही चालू आहे, म्हणजे तिथल्या सम्राट यंत्रावर वेळ खरंच बघता येते. बीजिंगच्या यंत्रांना हात लावता येत नाही, कठडे आहेत.

वेधक

दगड हलत नाही म्हणून दगड, हा जयसिंगाचा तर्क. ब्राँझची वलयं स्वतःच्या वजनाने वाकतात आणि आस झिजतो, ही त्याची तक्रार होती. बीजिंगची पाच टनी वलयं बघून तो काय म्हणाला असता! पण याला शंभर प्रतिसाद होतील. जयसिंगासाठी वेगळा धागा काढतो. मंदार, पंचांगवाले, तिकडे या. नक्षत्रांचं भांडणही तिथेच घेऊ.

मृगशीर्ष_पुणे

मी मंगळवारची दुपार धरली आहे. तंगफंग पुढच्या खेपेला, नवऱ्याला शाओलिनचं आमिष दाखवून. शांघायकर, चौथऱ्यावर सावली आहे का हो, की टोपी न्यावी?

शांघायकर

टोपी न्या. आणि चार वाजायच्या आत पोचा, पाचच्या सुमाराला लोकांना खाली उतरवायला लागतात.